सुई कोणाच्या हातात?

(शेतकरी आणि पशुपालक स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'पशुपालन व शेतीतील कौशल्य-प्रशिक्षण' असं छापलंय. ते वाचून कुणाला वाटेल, आता ही बाई शेळीपालनाची योजना सांगणार, फॉर्म कुठे मिळतो, अनुदान किती, ते सांगणार. ती माहिती पंचायत समितीत मिळते. मला बोलायचंय ते सुईबद्दल. लस टोचायची सुई, ताप बघायचा थर्मामीटर, खुरं कापायची कात्री, वजनाचा काटा, ट्रॅक्टरची किल्ली. या वस्तू आपल्या गोठ्यात आणि शेतात येतात तेव्हा त्या कोणाच्या हातात असतात आणि का, एवढाच माझा विषय आहे.

आधी कामाचा हिशेब मांडू. इथे बसलेल्या सगळ्याजणी कालचा दिवस आठवा. पहाटे उठून शेण काढलं कुणी? गोठा झाडला, वैरण आणली, पाणी दाखवलं, करडं आईखाली सोडली, गोवऱ्या थापल्या, आजारी म्हशीला रात्रीतून दोनदा उठून बघितलं, हे सगळं कुणी केलं? धार काही घरांत पुरुष काढतो. पण दूध डेअरीवर पोचवतो तो, डेअरीचं पुस्तक त्याच्या नावावर आणि दहा दिवसांनी पगार होतो तोही त्याच्या खात्यात. सरकारच्याच २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीनुसार आपल्या देशात ग्रामीण भागातल्या दर चार कामकरी स्त्रियांपैकी तीन शेती आणि शेतीशी जोडलेल्या कामात आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रिया कसत असलेल्या म्हणून नोंदलेल्या जमिनी शंभरात १४. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की बाकीचं भाषण केलं नाही तरी चालेल.

जनावरांचा डॉक्टर दारात येतो. गाईची वेसण धरून बाई उभी असते. तो तिला विचारतो, "मालक आहेत का घरी?" तीही सांगते, "मालक रानात गेलेत." या एका शब्दात नवराही आला आणि गाईचा धनीही आला. गाय कालपासून रवंथ करत नाही, शेण पातळ झालंय, डावा कान गार पडलाय, हे सगळं तिला माहीत असतं. पण प्रश्न तिला विचारलाच जात नाही. मालक येतो, तो सांगतो, "खात नाही." बस्स. डॉक्टर तेवढ्यावर औषध देतो.

अवजार आलं की बाई बाजूला

मी जिथे जिथे शिबिरं घेते तिथे एक गोष्ट सारखी दिसते. हाताने करायचं काम असतं तोवर ते बाईचं. त्यात यंत्र आलं, हत्यार आलं किंवा पैसा आला, की ते पुरुषाचं.

कडबा कोयत्याने तोडायचा असे तेव्हा तो बाई तोडायची. विजेवरचं कडबाकुट्टी यंत्र आलं तेव्हा बटण पुरुषाकडे गेलं आणि कुट्टी पाटीत भरून दावणीला नेणं बाईकडे राहिलं. पेरणीचं बघा. पुष्कळ भागांत तिफण पुरुष हाकायचा आणि चाड्यावर मूठ बाईची असायची. एकरी बियाणं किती पडेल, दाट की विरळ, हे त्या मुठीवर ठरायचं. हे केवढं मोठं कौशल्य! ट्रॅक्टरला पेरणीयंत्र लागलं आणि ती मूठ सुटली. त्या मुठीतल्या ज्ञानाला कुणी कधी प्रशिक्षण म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठे झाली नाही. नव्या यंत्राचं प्रशिक्षण मात्र झालं. त्याला बोलावणं आलं सातबारा ज्याच्या नावावर त्याला.

जनावरांच्या बाबतीत तर लाजेची भिंतही आहे. माज, रेतन, खच्ची करणं, हे शब्द बाईने चारचौघांत उच्चारायचे नाहीत. ज्या बाईने वीस वर्षांत शंभर करडं आपल्या हातावर घेतली, तिने सभेत 'माज' म्हटलं की पुरुष हसतात. पण या लाजेची किंमत किती आहे ते बघा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करायचं, असा साधा नियम आहे. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर तो ओळखायला फारच अवघड. तो ओळखते गोठ्यात वावरणारी बाईच. तिने ओळखला, पण फोन नवऱ्याकडे, नवरा तालुक्याला, आणि रेतन करणाऱ्याला आपण कसं सांगायचं म्हणून ती गप्प बसली, तर २१ दिवस गेले. त्या २१ दिवसांची वैरण, पेंड आणि पुढे लांबलेलं वेत, हा सगळा तोटा घराच्या डोक्यावर. तेव्हा लाज हा संस्काराचा प्रश्न आहे असं कुणी म्हणालं, तर तिला हा हिशेब करून दाखवा. माणदेशात बाया स्वतः शेळ्यांमध्ये कृत्रिम रेतन करतात. त्यांच्या गावात आकाश कोसळलेलं नाही.

काय शिकायचं?

आता मुद्द्यावर येते. काय शिकायचं? मी चार गोष्टी सांगते. त्या आज दुपारीच हातांनी करून बघायच्या आहेत.

पहिली गोष्ट, बघायला शिकायचं आणि बघितलेलं मोजायला शिकायचं. "अंग गरम लागतंय" असं आपण म्हणतो. डॉक्टरला आकडा सांगितला की तो ऐकतो. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं, शेळीचं १०२ ते १०३. थर्मामीटर गुदद्वारात घालून, आतल्या कडेला टेकवून दोन मिनिटं धरायचा. कोठीपोट चाललंय की नाही हे बघायला गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरायची. निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मूठ आतून उचलली जाते. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. लालसर गुलाबी असली तर ठीक. पांढुरकी पडली असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. अशा शेळीला जंताचं औषध लागतं. सगळ्या कळपाला उगाच पाजत राहिलं, तर जंतांनाच औषधाची सवय होते आणि खरी गरज लागते तेव्हा ते चालत नाही.

दुसरी गोष्ट, पहिले तास सांभाळायला शिकायचं. वासरू जन्मलं की नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि तासा-दोन तासांत चीक पाजायचा. पुष्कळ घरांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. माझ्या आजीच्या पिढीनेही हेच सांगितलं असेल, पण ते बरोबर नाही. चिकातली रोगाशी लढणारी ताकद वासराच्या आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. दिवस उलटला की ते दार बंद होतं. मग कितीही चीक पाजा, पोट भरेल, ताकद येणार नाही. पोटफुगीचंही तसंच. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली तर डॉक्टर येईपर्यंत गोडेतेल पाजता येतं. पण पाजताना जनावराचं तोंड फार वर उचलायचं नाही आणि जीभ बाहेर ओढायची नाही. औषध श्वासनळीत गेलं तर पोटफुगीने वाचलेलं जनावर फुप्फुसाच्या रोगाने मरतं. ठसका लागला की लगेच डोकं खाली सोडायचं.

तिसरी गोष्ट, रोग यायच्या आधी उभं राहायला शिकायचं. गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लसही पावसाळ्याच्या आधी. शेळ्यांना पीपीआरची लस, तीन-चार महिन्यांच्या करडापासून पुढे. लाळ्या-खुरकुताची लस सरकारच्या मोहिमेत मिळते. ही तारीखवही गावात कोणाकडे असावी? बचत गटाच्या वहीशेजारी असावी. आणि लस म्हणजे नुसती सुई नाही. ती २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडीत राहावी लागते. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापलेली लस टोचली तर पाणी टोचल्यासारखंच. म्हणून लस घेऊन कुणी आलं की विचारायचं, "बर्फ दाखवा." हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, हक्काची जाणीव लागते.

चौथी गोष्ट, स्वतःचं अंग सांभाळायला शिकायचं. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगते, कारण ती आपल्या आरोग्याची आहे. गाय गाभडली, वार अडकली, की ती उघड्या हातांनी ओढून काढते कोण? गोठा धुते कोण? बाई. गाभडण्यामागे अनेकदा ब्रुसेला नावाचे जंतू असतात. ते हातावरच्या ओरखड्यातून, तोंडावाटे, कच्च्या दुधातून माणसात येतात. मग ताप येतो आणि जातो, सांधे आणि कंबर धरते, थकवा जात नाही. दवाखान्यात गेलं की मलेरियाची, टायफॉइडची तपासणी होते. "घरचं जनावर गाभडलं होतं का?" असं फार थोड्या ठिकाणी विचारतात. म्हणून ते आपण आपणहून सांगायचं. गाभडलेल्या जनावराला हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही, गरोदर बाईने तर जवळही जायचं नाही. पडलेलं वासरू आणि वार कुत्र्यांना न टाकता चुना घालून खोल पुरायची. दूध उकळूनच घ्यायचं. या रोगावर वासरांना लस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ती आयुष्यात एकदाच द्यायची असते. २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस आहे. आपल्या गावात ती आली का, हे विचारणं म्हणजे बायांच्या आरोग्याचा प्रश्न विचारणं आहे.

बाईला हे जमेल का?

हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण तो सगळीकडे असतो. शिकलेल्या डॉक्टरचं काम अडाणी बाई कशी करणार? याला एक मोठं उत्तर आहे आणि ते आपल्या देशाबाहेर घडलं. बुळकांडी हा रोग तुमच्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल. गावंच्या गावं मोकळी करून जायचा. २०११ साली तो जगातून संपला असं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसरा रोग. शेवटी शेवटी तो उरला होता आफ्रिकेतल्या अशा मुलखांत, जिथे रस्ते नव्हते, लढाया चालू होत्या आणि पशुवैद्य पोचत नव्हते. तिथे उन्हात टिकणारी लस तयार करून ती पशुपालकांमधल्याच लोकांच्या हातात दिली, त्यांना टोचायला शिकवलं. त्यातल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्याशिवाय तो रोग संपला नसता.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. नव्वदच्या दशकात स्त्री-पशुवैद्यांनी उभ्या केलेल्या 'अंथ्रा' या संस्थेने महाराष्ट्रात आणि आंध्रात गावातल्या बायांना जनावरांच्या आरोग्याचं प्रशिक्षण दिलं, त्यांच्याकडचं झाडपाल्याचं ज्ञानही नोंदून ठेवलं. आज बचत गटांच्या अभियानात 'पशुसखी' आहेत. २०२२ पासून त्यांना जादा प्रशिक्षण देऊन पशुसंवर्धन खात्याशी जोडण्याचा 'ए-हेल्प' हा कार्यक्रमही सुरू झाला. म्हणजे 'जमेल का' हा प्रश्न संपलाय.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पशुसखी म्हणजे डॉक्टर नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या पशुवैद्याचा आहे. काही किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना देता येतात. आपल्या मुलींनी तशी पदविका घ्यावी, पदवीही घ्यावी. पण प्रथमोपचार, निगा, लसीकरणात मदत, नोंदी, वेळेवर डॉक्टरला बोलावणं, ही आपली हद्द ओळखूनच काम करायचं. गावोगाव असे लोक फिरतात की ज्यांच्या पिशवीत दोनच इंजेक्शनं असतात आणि ती प्रत्येक रोगाला चालतात. आपल्याला त्यांची गर्दी वाढवायची नाही. डायक्लोफिनॅकचं उदाहरण घ्या. जनावराच्या दुखण्यावरचं स्वस्त औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली ती त्यामुळे. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. औषध काय द्यायचं याइतकंच काय द्यायचं नाही हे कळणं, हेही कौशल्य आहे.

काटा आणि रुमाल

आता बाजारात जाऊ. जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो ते ठाऊक आहे ना? दलाल रुमालाखाली हात घेतो, बोटं दाबून भाव सांगतो. बाहेरच्याला कळत नाही. बाईने परक्या पुरुषाच्या रुमालाखाली हात घालायचा नाही, म्हणजे सौदा आपोआप पुरुषाचा. जी बाई बाजारात जातच नाही तिच्या दारात व्यापारी येतो, शेळीच्या पाठीवर हात दाबतो आणि म्हणतो, "अठरा-वीस किलो भरंल, मावशी."

यावर उपाय टेपचा. शिलाईची टेप आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. शेळीच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. वजन किलोत येतं. घेर २८ इंच, लांबी २६ इंच असेल तर साधारण ३१ किलो. हा अंदाजच आहे, खरं वजन ताणकाट्यावर कळतं. पण "अठरा-वीस" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला तो पुरेसा आहे. गुणाकार-भागाकार शाळेत जाणारी पोरगी करून देईल. बचत गटाने एक ताणकाटा घेतला, तर गावातली प्रत्येक शेळी किलोवर विकता येते. एका गावात गटाने असा काटा घेतला तेव्हा व्यापारी पहिल्या आठवड्यात फिरकलाच नाही. बाया म्हणाल्या, "आता काय करायचं?" त्यांनी आपसात ठरवलं, काट्याशिवाय कुणीच विकायचं नाही. बकरी ईद जवळ आली होती, व्यापाऱ्याला माल हवा होता. तो आला. हे फक्त मोजमाप शिकून झालं नसतं. एकीने नाही म्हटलं असतं तर तो शेजारणीकडे गेला असता.

आणखी एक काम?

आता एक अवघड प्रश्न. आपल्या चळवळीतल्याच मैत्रिणी विचारतात आणि बरोबर विचारतात. बाईवर आधीच एवढं ओझं, तिला आणखी सुई शिकवून आणखी एक काम गळ्यात बांधायचं का? पुरुष म्हणेल, "आता तुला येतंय ना, मग तूच बघ." आणि गाव म्हणेल, "आपलीच वहिनी आहे, हिला कसले पैसे?"

ही भीती खरी आहे. एक पशुसखी मला सांगत होती. एकल बाई, दोन मुलं. शेजारच्या वाडीवर रात्री शेळी अडली तर बोलावणं येई. डॉक्टर आला की त्याला चहा, शंभर-दोनशे रुपये. ती गेली की तिला चहाही तीच करायची. शेवटी तिने दारावर दरपत्रक लावलं. नखं-खुरं कापायचे इतके, कानातल्या गोचिडांची साफसफाई इतके, रात्री यायचे इतके. पहिल्यांदा लोक हसले. सासू म्हणाली, "लोकांच्या अडीनडीचे पैसे घेतेस?" ती म्हणाली, "आत्याबाई, अडीनडीला मी जाते म्हणूनच घेते. उद्या माझी अडचण कोण भागवणार?" दरपत्रक आजही आहे. ज्या कामाला दर आहे त्या कामाला गावात किंमत आहे, हे तिचं म्हणणं मला पटतं. 'सेवा' म्हणून बायांकडून फुकट काम करून घ्यायची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे, आणि सरकारलाही 'मानधन' या शब्दाची फार आवड आहे.

म्हणून प्रशिक्षण मागताना तीन गोष्टी सोबतच मागायच्या. कामाचा मोबदला, कामाची वाटणी आणि मालकीची नोंद. बाई तीन दिवस प्रशिक्षणाला गेली तर घरची धार कोण काढणार, हे घरात आधी ठरलं पाहिजे. प्रशिक्षण तालुक्याला सकाळी दहा ते पाच ठेवलं तर दोन्ही वेळची धार चुकते. ते गावात, दुपारी, पाळणाघरासह ठेवा. पडद्यावरच्या चित्रांवर भागवू नका, जिवंत जनावरं आणा. शिकवणाऱ्यांत बाया असू द्या. आणि सातबाऱ्याची अट काढा. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात शेतमजूर, वाटेकरी, पशुपालक सगळ्यांना धरलंय. धोरणाच्या कागदावर ते आलं, फॉर्मवर आलं नाही.

मालकीच्या नोंदीचं तर फार तातडीचं आहे. जनावराच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला मारतात. त्या आकड्यापुढे मालकाचं नाव चढतं. तुम्ही बचत गटाच्या कर्जाने गाय घेतली, हप्ते तुम्ही फेडता, बिल्ला मारायला माणूस आला आणि विचारलं, "मालकाचं नाव?" काय सांगता? २०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्य सरकारने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरवली होती. अशी मदत, विमा, कर्ज, सगळं नोंदीवरच्या नावाकडे जातं. नवऱ्याने टाकलेल्या बायांच्या केसेस आपण लढतो. घरातून बाहेर पडताना तिने स्वतः वाढवलेल्या शेळ्या तिला नेता येतात का, हे अशा वेळी नोंदीवर अडतं. तेव्हा उद्यापासून बिल्ला मारताना उत्तर एकच, "माझं नाव लिहा."

शेतीच्या कामाबद्दल थोडं सांगून थांबते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणारे बहुतेक पुरुष होते, पण टाकीत पाणी ओतणारे, कपडे धुणारे हात बायांचे असतात. औषधाच्या डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण ओळखणं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, कारण फवारणी 'पुरुषाचं काम'. अवजारंही पुरुषाच्या उंचीची, पुरुषाच्या तळव्याची. वैभव विळ्याने कापणी करताना मनगट कमी दुखतं, सायकल कोळप्याने उभ्याने खुरपणी होते, वाकून कंबर मोडत नाही. ही अवजारं दुकानात मिळतात. पण घरात पैसे आधी कोणत्या अवजाराला मिळतात, ते आपल्याला माहीत आहे. खुरपं चालतंय ना, मग नवं कशाला, असं ते चालतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. अशा वर्षांत सत्कार होतात, फेटे बांधतात, फोटो निघतात. आपण आपल्या मागण्या लेखी देऊ. गावात दुपारचं प्रशिक्षण, सातबाऱ्याची अट नको, बिल्ल्यावर बाईचं नाव, पशुसखीला ठरलेला दर, लसीसोबत बर्फाची पेटी आणि आरोग्य केंद्रात जनावरांपासून येणाऱ्या तापाची चौकशी. या सहा मागण्यांचा कागद टेबलावर ठेवलाय. आपापल्या गावचं नाव घालून सह्या करा, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्या, आणि तो कागद ग्रामसभेत वाचून घ्या.

जेवणानंतर मागच्या अंगणात चार शेळ्या आणि एक म्हैस बांधलेली असेल. थर्मामीटर, टेप, खुरकात्री तिथेच आहे. आज प्रत्येकीने किमान एका शेळीचं तापमान आणि वजन स्वतः घ्यायचं आहे, बघत उभं राहायचं नाही. हात साबणाने धुऊन या, आणि पदर खोचून या.